काळ्या मातीतली संडासाची जुनी लाइन बदलताना

प्रश्न थोडक्यात असा: घर तीस-बत्तीस वर्षांपूर्वीचे, गाव काळ्या मातीचे. संडास आणि न्हाणीचे पाणी एकाच चार इंची चिनीमातीच्या पाइपातून चाळीस फुटांवरच्या सेप्टिक टँकला जाते. गेले तीन पावसाळे लाइन तुंबते. बांबूची कामटी घालून मोकळी केली की महिना-दोन महिने चालते. आता न्हाणीच्या भिंतीला ओल धरली आहे. विहीर टाकीपासून पन्नासेक फुटांवर. पूर्ण लाइन बदलायची की फुटला तेवढाच तुकडा? आणि वावरातले उरलेले पाइप चालतील का?

पूर्ण लाइन बदला. वावरातले पाइप वावरातच राहू द्या. पण नुसता पाइप बदलून काम भागणार नाही. जुना पाइप ज्या मातीने मोडला ती माती तिथेच राहणार आहे, आणि नवा पाइप तिच्यात तसाच गाडला तर चार-पाच पावसाळ्यांत पुन्हा हीच वेळ येईल.

आधी मोडतोड का झाली ते समजून घ्या. चिनीमातीचा पाइप स्वतः सहसा झिजत नाही, पन्नास वर्षांनी उकरला तरी आतली चकाकी शाबूत दिसते. मोडतो तो सांधा. हे पाइप दोन-दोन फुटांचे असत, म्हणजे चाळीस फुटांत वीस सांधे, प्रत्येकात ताग ठोकून वर सिमेंट भरलेले. काळी माती पावसाळ्यात फुगते, चैत्र-वैशाखात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दरवर्षी पाइप एकदा वर उचलला जातो, एकदा खाली बसतो, तोही सगळीकडे सारखा नाही. भिंतीच्या सावलीत माती ओली राहते, उघड्या अंगणात कोरडी पडते. सिमेंटच्या ताठ सांध्याला हे सोसत नाही. केसाएवढी चीर पडते, त्यातून पाणी झिरपते, त्या जागची माती आणखी फुगते. वर्ष-दोन वर्षांत कडुनिंबाचे किंवा उंबराचे तंतूसारखे मूळ त्या ओलीच्या मागावर आत शिरते आणि आत गेल्यावर शेपटीसारखे वाढते. कामटीने तुम्ही ती शेपटी तोडता, मूळ तिथेच राहते. म्हणून महिना-दोन महिने.

यात घरचाही हात असतो. फरशीसाठी ओतलेले ॲसिड सांध्यातले सिमेंट खाते. भांड्यांची राख तळाशी बसते. सावजी रश्श्याचा तवंग थंडीत पाइपाला आतून चिकटतो. मुळांसाठी कोणी मोरचूद टाकायला सांगेल, टाकू नका. टाकीतले मैला कुजवणारे जिवाणू त्याने मरतात, आणि फुटक्या सांध्यातून तेच पाणी विहिरीकडे जाते.

खोदण्याआधी दोन तपासण्या कराव्यात. टाकीकडच्या टोकाला रेती भरलेली छोटी पिशवी दोरी बांधून पाइपात घट्ट बसवा. वरून पाणी भरा, पातळीची खूण करा आणि अर्धा तास थांबा. पाणी भराभर उतरले तर लाइन गळते हे नक्की. पातळी मोजायची ती पाइपात, चेंबरात नव्हे. जुन्या विटांचे चेंबर स्वतःच पाणी पिते आणि फसवते. दुसरी तपासणी आरशाची. दोन्ही टोके उघडी असतील तर एका टोकाला आरशाने ऊन आत पाडा आणि दुसऱ्या टोकाच्या आरशात पाहा. पूर्ण गोल दिसला तर लाइन सरळ. चंद्रकोर दिसली तर मध्ये पाइप बसला आहे. काहीच दिसले नाही तर मूळ आहे किंवा पाइप चेपला आहे. न्हाणीच्या भिंतीची ओल मात्र बहुतेक वेळा बाहेरच्या लाइनीची नसते. ती संडासाच्या भांड्याखालच्या पहिल्या सांध्याची असते. तो फरशीखाली असतो म्हणून मिस्त्री त्याला हात लावायचे टाळतात, बाहेरची सगळी लाइन नवी करतात, आणि ओल तशीच राहते. काम सांगताना हा सांधा त्यात धरून घ्या.

केव्हा करायचे हा प्रश्न पाइपाइतकाच महत्त्वाचा आहे. मे महिन्यात माती दगडासारखी असते, सब्बल टणकारते, आणि भेगांमुळे चराच्या कडा ढेकळांनी कोसळतात. पूर्ण आक्रसलेल्या मातीत बसवलेला ढाळ पहिल्याच पावसात बदलतो. पावसाळ्यात खोदणे तर नकोच. जानेवारीची अखेर ते फेब्रुवारी हा काळ बरा: माती ना पुरती फुगलेली ना पुरती सुकलेली, कापसाची वेचणी सरत आलेली म्हणून मजूरही मिळतात. दोन माणसे असा चर दोन दिवसांत काढतात. पूर्ण काम चेंबरांसह पाच-सहा दिवसांचे.

जुन्या चरातच नवी लाइन टाकायची गरज नाही. तीन-चार फूट बाजूला, घराच्या पायापासून लांब, नवा चर घ्या. यात दोन फायदे आहेत. घाण झालेली माती उकरावी लागत नाही, आणि नवी लाइन तयार होईपर्यंत जुना संडास वापरता येतो. जोडणीच्या एका दिवसापुरतीच अडचण होते. चर पायाला समांतर जात असेल तर पायाच्या तळापासून ४५ अंशांची रेघ मनात धरा. त्या रेघेच्या खाली खोदलेत तर भिंत बसेल.

आता ढाळ. मोजणी नेहमी टाकीकडून सुरू करायची, कारण टाकीतल्या आत येणाऱ्या पाइपाची पातळी तुम्ही बदलू शकत नाही. पारदर्शक लेव्हल नळीने टाकीचे तोंड आणि संडासाच्या ट्रॅपचे (भांड्याखालच्या, पाणी धरून वास अडवणाऱ्या वळणाचे) तोंड यांतला फरक काढा. चार इंची लाइनीला फुटाला अडीच सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) ढाळ उत्तम, म्हणजे चाळीसास एकच्या आसपास. चाळीस फुटांना साधारण बारा इंच. जागा नसेल तर फुटाला दीड सूतापर्यंत उतरता येते, चाळीस फुटांना साडेसात-आठ इंच. त्याखाली जाऊ नका. ढाळ कमी पडतो म्हणून सहा इंची पाइप टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो, तो आपल्या घरांना लागू नाही. बादलीने पाणी टाकण्याच्या संडासात एका वेळी चार-पाच लिटर पाणी जाते. मोठ्या पाइपात ते पसरून पातळ होते आणि मैला मागे राहतो. सहा इंच म्हणजे १६० मिमी पाइप तीन-चार घरे एकत्र जोडायची असतील तर घ्यावा. उलट खूप तीव्र उतार मिळत असेल तर त्याचीही भीती नको. लांब लाइनीत एकसारखा ढाळ ठेवा आणि उरलेला फरक शेवटच्या चेंबरात उतरवा.

चर दीड फूट रुंद. खोली पाइपाच्या तळापेक्षा सहा इंच जास्त घ्यायची आणि ते सहा इंच मुरूम किंवा चुरीने (खडी फोडताना निघणाऱ्या बारीक भुशाने) भरायचे. काळ्या मातीतल्या कामाचे हे मर्म आहे: पाइपाला काळी माती कुठूनही लागता कामा नये. खाली सहा इंच, दोन्ही बाजूंना भरून, आणि वर सहा इंच फुगत नसलेला माल. मुरूम चाळून घ्या, मुठीएवढे दगड असलेला मुरूम पाइपाला ठोसे मारतो. रेती उत्तम, पण हल्ली तिचा भाव पाहता चुरी चालते. हिशेब असा: ४० फूट लांब, दीड फूट रुंद, सरासरी अडीच फूट खोल चराचे दीडशे घनफूट म्हणजे दीड ब्रास खोदकाम होते. पाइपाभोवतीच्या थरांना ७८-८० घनफूट लागते, ठोकल्यावर बसते ते धरून एक ब्रास माल मागवा. चराची खोली चार फुटांच्या वर जाऊ लागली तर कडा तिरक्या काढा किंवा फळ्या लावा. काळ्या मातीची कड पडण्याआधी इशारा देत नाही.

पाइपाचे बोलू. दुकानात एसडब्ल्यूआर, म्हणजे मैला-सांडपाण्याचा पीव्हीसी पाइप मागा आणि पाइपावर छापलेले वाचा: आयएस १३५९२, टाइप बी. टाइप ए पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेच्या पाइपासाठी असतो, ११० मिमीच्या, म्हणजे चार इंची टाइप एची जाडी २.२ मिमी, टाइप बीची ३.२ मिमी. भावात फरक दिसतो म्हणून दुकानदार ए पुढे करतो, आणि हातात घेतल्याशिवाय फरक कळत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी विटकरी रंगाचा जमिनीखालचा पाइप मिळतो, त्यावर आयएस १५३२८ आणि एसएन ४ किंवा एसएन ८ (एसएन म्हणजे पाइपाचा ताठपणा, आकडा मोठा तितका पाइप भक्कम) असे असते. चर दारातून ट्रॅक्टर किंवा बैलगाडी जाते त्या वाटेखालून जात असेल तर हाच घ्या, एसएन ८. नुसत्या अंगणासाठी टाइप बी पुरतो.

शेतातला पाइप का नको? ११० मिमीचा असल्यामुळे तो जोडला जातो, हे खरे. पण अडीच किलोच्या दाबाचा पाइप पातळ असतो आणि मातीच्या भाराने हळूहळू अंडाकृती होतो. शिवाय उन्हात दोन-तीन हंगाम पडलेला असतो, वरचा रंग उडून ठिसूळ झालेला. आणि मुख्य म्हणजे त्याचे बेंड आणि टी दाबाच्या पाण्यासाठी असतात. त्यांत वळण काटकोनात असते. मैल्याला गोलाईचे वळण लागते, काटकोनात तो थबकतो.

सांधा कोणता? चिकटवायचा, ज्याला दुकानदार सेल्फिट म्हणतात, की रबर रिंगचा? जमिनीखाली आणि त्यातही काळ्या मातीत रिंगफिटच. चिकटवलेली चाळीस फुटांची लाइन म्हणजे एकच ताठ काठी. माती हलली की ती सर्वांत कमकुवत जागी तडकते, बहुधा चेंबरच्या भिंतीपाशी. रिंगच्या सांध्यात पाइप थोडा वाकतो, थोडा आत-बाहेर सरकतो, आणि गळत नाही. घरातल्या भिंतीवरच्या जोडण्या चिकटवलेल्या चालतील. तिथेही उन्हाळ्यात दुपारी काम करू नका. ४४-४५ अंशांत सोल्यूशन लावता-लावता वाळते, पाइप अर्धाच आत जातो, आणि वरून ते कळत नाही.

लाइन टाकीकडून घराकडे टाकत यायची, सॉकेटचे, म्हणजे पाइपाच्या रुंद टोकाचे, तोंड घराकडे. कापलेल्या टोकाची धार कानशीने तिरकी घासून घ्या. धारदार टोक रिंगला गुंडाळून आत ढकलते, आणि गळतीचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. रिंग पुसून खाचेत बसवा, पाइपाच्या टोकाला साबणाचे पाणी लावा. ग्रीस, डिझेल, खाण्याचे तेल नको, त्याने रबर फुगते आणि सडते. पाइप पूर्ण आत घाला, पेन्सिलीने खूण करा आणि एक सेंटिमीटर मागे ओढा. ही मोकळी जागा प्लास्टिकच्या वाढण्यासाठी असते. प्रत्येक सॉकेटखाली मुरमात हाताने खळगा करा, म्हणजे पाइप पूर्ण लांबीवर टेकेल. नाहीतर तो नुसत्या सॉकेटांवर पुलासारखा उभा राहतो आणि मध्ये झोळ पडतो. प्रत्येक दहा फुटी पाइपानंतर लेव्हल पाहा. सगळी लाइन टाकून मग पाहू म्हणाल तर पाहणे होत नाही. आणलेले पाइप तोवर सावलीत, सपाट जागेवर ठेवा. वैशाखाच्या उन्हात दोन दिवस पडलेला पाइप केळीसारखा वाकतो आणि मग ढाळ लावणाऱ्याची परीक्षा पाहतो.

चेंबर तीन धरा: एक संडासाबाहेर, एक वळणावर, एक टाकीच्या अलीकडे. लाइन सरळ असेल तर मधले लागणार नाही. जमिनीत गाडलेले डोअर बेंड म्हणजे चेंबर वाचवल्याचा भास. त्याचे झाकण उघडायला पुढच्या वेळी पुन्हा अंगणच खोदावे लागते. आतून दीड बाय दीड फूट, दोन फूट खोलीपर्यंत हे माप पुरते. खोली तीन फुटांकडे गेली तर दोन बाय दोन. भिंत नऊ इंची. साडेचार इंची भिंत काळी माती दोन वर्षांत आत ढकलते. तळाला सहा इंच काँक्रीट, आत एकास तीनचे प्लास्टर. एका चेंबरला पावणेदोनशे ते दोनशे विटा आणि झाकण धरून दोनेक पोती सिमेंट लागते. आपल्याकडे फ्लाय ॲशच्या विटा सहज मिळतात. कडा हाताने चुरत नसतील तर त्या चालतात. तयार प्लास्टिकचे चेंबर मिळाले तर या मातीसाठी ते खरे तर विटांपेक्षा बरे. वजनाला हलके, आणि जोडणी रिंगचीच.

चेंबरच्या तळाला अर्धगोल पन्हळ करायची आणि दोन्ही बाजूंनी तिच्याकडे उतार. नुसता सपाट तळ ठेवला तर मैला कोपऱ्यात साठतो आणि चेंबर हेच तुंबण्याचे ठिकाण होते. सपाट तळाची चेंबरे गावोगाव दिसतात, कारण पन्हळ करायला मिस्त्रीला अर्धा दिवस जास्त लागतो. मजुरी ठरवतानाच ते बोलून ठेवा. अर्धा कापलेला पाइप तळात बसवून दोन्ही बाजूंनी मसाला चढवला की पन्हळ सोपी होते.

पाइप भिंतीत बसतो तिथली एक युक्ती बहुतेकांना माहीत नसते. प्लास्टिकला सिमेंट चिकटत नाही. भिंतीत जाणाऱ्या भागावर बाहेरून सोल्यूशन फासा, त्यावर कोरडी जाड रेती भुरभुरवा आणि वाळू द्या. तो खरबरीत भाग मसाल्यात बसवा, म्हणजे पाइपाच्या कडेने पाणी झिरपत नाही. आणि भिंतीबाहेर एक-दीड फुटाच्या आत एक रिंगचा सांधा असलाच पाहिजे, म्हणजे चेंबर बसले किंवा उचलले तरी पाइप मोडत नाही. घराच्या पायातून जाताना उलटे करायचे: तिथे पाइप बांधायचा नाही. भोवती दोन इंच मोकळी जागा ठेवून वर छोटी लिंटेल द्यायची, आणि फटीत मऊ काहीतरी भरायचे, डांबरात बुडवलेला ताग किंवा तत्सम. पायाची भिंत पाइपावर बसता कामा नये.

आत संडासात भांड्याभोवती दोन बाय दोन फूट फरशी फोडावी लागेल. जुने भांडे निघताना अनेकदा फुटते, नवे आणून ठेवूनच काम काढा. पी ट्रॅप घ्या, त्याचे तोंड भिंतीतून सरळ बाहेर पहिल्या चेंबरात जाते. फरशीखाली वळसे घेणारा एस ट्रॅप पुन्हा बसवू नका. ट्रॅप आणि पाइप यांच्या मध्ये रबरी कनेक्टर, सिमेंट नव्हे. पहिल्या चेंबरातून किंवा लाइनीच्या वरच्या टोकावरून हवेचा पाइप छपराच्या वर न्यायचा, तोंडाला काऊल (टोपी) आणि बारीक जाळी. जाळी नसली तर टाकीतले डास घरभर होतात.

न्हाणीचे पाणी त्याच लाइनीत सोडायचे का? इथे दोन बाजू आहेत. अंघोळीचे पाणी टाकीत गेले की मैला कुजायला वेळ मिळत नाही, गाळ पुढे वाहून शोषखड्डा बुजतो. नळ योजनेचे पाणी घरात आल्यापासून तर पाणी दुप्पट-तिप्पट झाले आहे. म्हणून न्हाणी आणि मोरी वेगळी काढा: ७५ मिमीचा पाइप, नाणी ट्रॅप (न्हाणीच्या फरशीतला जाळीचा), बाहेर गल्ली ट्रॅपचे (वास अडवणाऱ्या बाहेरच्या ट्रॅपचे) छोटे चेंबर, तिथून परसातल्या केळी-आळूला किंवा वेगळ्या शोषखड्ड्याला. पण तेच पाणी आजवर संडासाची लाइन धूत होते, हेही खरे. ते काढले की चाळीस फुटांच्या लाइनीला एका डबड्याचे पाणी पुरत नाही. ढाळ अडीच सूत ठेवा आणि दर वेळी अर्धी बादली टाकायची सवय लावा, किंवा फ्लशची टाकी बसवा. दीड सूतच ढाळ मिळत असेल तर मात्र न्हाणीचे पाणी निदान काही दिवस लाइनीतच राहू द्यावे असे माझे मत आहे. कोठ्यातले शेण-मूत कोणत्याही परिस्थितीत या लाइनीत नको.

टाकीच्या जोडणीला सर्वांत जास्त जपा. टँकर बोलावून टाकी आधी उपसून घ्या. झाकणे उघडून दिवसभर वारा लागू द्या, आणि तरीही आत कोणीही उतरायचे नाही, पडलेली पाटी काढायलाही नाही. आत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठतो. पहिला वायू जास्त असला की वासच येईनासा होतो, आणि माणूस दोन श्वासांत पडतो. वाचवायला उतरलेला दुसराही पडतो. शेजारी बिडी पेटवू नये. माणूस टाकीत उतरवून मैला काढायला लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हाही आहे. काम बाहेरून करता येते: टी आणि पाइपाचा तुकडा जमिनीवर चिकटवून तयार करा आणि भोकातून आत सरकवा. टीचा खालचा पाय पाण्याच्या पातळीखाली एक फूट जायला हवा, वरचा पाय उघडा. बाहेर जाणारे तोंड आत येणाऱ्यापेक्षा दोन इंच खाली. जुन्या टाक्यांत ही टी तुटून पडलेली असते, तेव्हा वरची साय थेट पाइपाच्या तोंडाशी येऊन घट्ट होते. कधीकधी सगळे तुंबणे त्याचेच असते, म्हणून चर खोदण्याआधी टाकीचे झाकण उघडून हे एकदा पाहून घ्या.

बुजवण्याआधी लाइन भरून तपासा, सांधे उघडे असतानाच. खालचे टोक बंद करून वरच्या चेंबरच्या पाइपापर्यंत पाणी भरा, अर्धा तास थांबा. नव्या प्लास्टिकच्या लाइनीत पातळी हलायला नको. हलली तर ओला सांधा हाताला लागतो. मग पाइपाच्या दोन्ही कुशींत मुरूम पायाने आणि लाकडाने दाबत भरा. वर एक फूट माल येईपर्यंत धुम्मस थेट पाइपावर मारायचा नाही. पुढे सहा-सहा इंचांचे थर. चरात पाणी सोडून माती बसवायची पद्धत वावरात ठीक, इथे नको. बाजूची काळी माती ते पाणी पिऊन फुगते आणि नुकताच लावलेला ढाळ उचलते.

मुरूम भरताना एक चूक हमखास होते. काळ्या मातीतून पाणी जात नाही, मुरमातून जाते. म्हणजे मुरमाने भरलेला चर हा जमिनीखालचा पाटच झाला. पावसाचे पाणी त्यात उतरते आणि सरळ न्हाणीच्या पायाशी येते. ओल घालवायला केलेल्या कामाने ओल वाढते ती अशी. उपाय सोपा आहे. घराच्या भिंतीपासून दोन-तीन फुटांवर, चराच्या दोन फूट लांबीत मुरूम न घालता काळी मातीच ओलसर करून ठोकून भरा. पंधरा-वीस फुटांवर असाच आणखी एक बांध. तिथे पाइपाला माती लागते, म्हणून या दोन फुटांत पाइपाभोवती जाड प्लास्टिक कागदाचे दोन वेढे द्या आणि सांधा येऊ देऊ नका. आणि चराचे वरचे आठ-नऊ इंच काळ्या मातीचे, ठोकून, थोडे उंचवट्याचे, घरापासून बाहेर उतार असलेले.

वाटेखालून जाताना पाइपावर तीन फूट माती असावी. तेवढी मिळत नसेल तर पाइपावर सहा इंच मुरूम, मग चरापेक्षा दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा फूट रुंद चार इंची सळईचा स्लॅब. पाइपालाच काँक्रीटने गुंडाळू नका, ते पुन्हा ताठ होते. नळाची लाइन आडवी येत असेल तर ती वर आणि सांडपाण्याची दीड फूट खाली, आणि त्या ठिकाणी दोन्हींचा सांधा नको. काम रस्त्यात किंवा नालीपर्यंत जात असेल तर ग्रामपंचायतीला आधी कळवा, नळाची लाइन कुठून गेली हे तिथल्या पाणी सोडणाऱ्यालाच नीट माहीत असते.

जुनी लाइन तशीच पोकळ सोडली तर उंदरांचे घर आणि पाण्याची वाट होते. दोन्ही टोके पातळ सिमेंट-रेतीने फूटभर आत भरून बंद करा. जुना पाइप चिनीमातीचा नसून करड्या ॲस्बेस्टॉस सिमेंटचा निघाला तर तो उकरू नका, ग्राइंडरने तर मुळीच कापू नका. त्याची धूळ फुप्फुसात राहते. जमिनीतच बंद करून सोडा.

सामान एका फेरीत आणायचे तर: ११० मिमी टाइप बी रिंगफिट दहा फुटी पाच नग (एक जादा), ४५ अंशांचे बेंड चार, टाकीसाठी टी दोन, रिंगा दोन जास्त, पी ट्रॅप आणि रबरी कनेक्टर, हवेचा ७५ मिमी पाइप काऊलसह, न्हाणीसाठी ७५ मिमीचे लागेल तेवढे, नाणी ट्रॅप, गल्ली ट्रॅप. ९० अंशांचे बेंड आणू नका, दोन ४५ जोडा.

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात असाल तर शोषखड्ड्यावर फार विसंबू नका, ती माती पाणी पीतच नाही. टाकीचे पाणी उथळ, लांब चरात मुरूम-गिट्टी भरून झाडांच्या रांगेला द्यावे लागते. भंडारा, गोंदियाकडच्या धानपट्ट्यात अडचण उलटी आहे. पावसाळ्यात भूजल वर येते आणि शोषखड्डा उलटा भरतो. तिथे खड्डा खोल न करता रुंद आणि उथळ ठेवायचा, आणि टाकीचे बाहेर जाणारे तोंड शक्य तितके वर.

विहिरीचे शेवटी. शोषखड्ड्यापासून पिण्याच्या पाण्याची विहीर १८ मीटर, म्हणजे साठ फूट लांब असावी. टाकी पन्नास फुटांवर आहे, पण मोजायचे ते शोषखड्ड्यापासून. तो टाकीच्या विहिरीकडच्या बाजूला असेल तर याच कामात पलीकडे हलवा. लाइन बदलल्यावर विहीर उपसून टीसीएल (ब्लीचिंग) पावडरने शुद्ध करा, आठवड्याने पाण्याची जिवाणू तपासणी करून घ्या, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा एकदा. तोवर पिण्याचे पाणी उकळूनच. त्याच पावसानंतर चरावर खोलगट जागा दिसेल तिथे माती भरा, पाणी साचू देऊ नका. चेंबरांची झाकणे उघडून पन्हळीत पाणी थांबलेले आहे का तेही तेव्हाच पाहायचे. थांबले असेल तर त्या दोन चेंबरांमधला पाइप बसला आहे. रिंगचा सांधा असल्यामुळे तेवढाच तुकडा उकरून पुन्हा लेव्हलला घेता येतो.